डोक्याचा डॉक्टर... पण नेमका कोणता?

सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट... पाट्या वेगवेगळ्या, आपल्या लेखी मात्र सगळे सारखेच! चुकीच्या दाराची बेल वाजवून चार महिने घालवलेल्या एका रिपोर्टरची ही गोष्ट.

रात्रीचे साडेअकरा. मोबाइल टिंग करतो.

'जागी आहेस? एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही हं, एका फ्रेंडसाठी...'

इथपर्यंत वाचलं की पुढचं मला पाठ असतं. 'तुझ्या ओळखीत कुणी चांगला सायकिअ‍ॅट्रिस्ट... म्हणजे सायकॉलॉजिस्ट... ते काउन्सेलर असतात ना, तसं कुणी आहे का?'

गेल्या दोन वर्षांत असे मेसेज किती आले ते मोजणं मी सोडलंय. खरं तर मी यातली तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. मासकॉम केलं, फ्रीलान्स लिहिते, घराचं भाडं वेळेवर निघालं तर तो महिना चांगला म्हणते. पण आमच्या कट्ट्यावर 'शनिवारी नाही जमणार, माझी थेरपी आहे' असं मोठ्याने म्हणणारी मी एकटीच. त्यामुळे सगळ्यांची चालतीबोलती डिरेक्टरी झालेय! आणि प्रत्येक वेळी माझ्या लक्षात येतं, की विचारणाऱ्याला कोण हवंय हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. मलाही नव्हतं. म्हणून तर वाट लागली होती.

एक शब्द, सगळ्यांना

घोळ भाषेपासूनच सुरू होतो. आपण मराठीत 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतो आणि मोकळे होतो. पेपरात तेच, सीरियलमध्ये तेच. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर तोच आणि समोर बसून तासभर ऐकून घेणारी बाईही तीच. 'मनोविकारतज्ज्ञ' हा सायकिअ‍ॅट्रिस्टसाठी जास्त नेमका शब्द आहे, पण त्यात 'विकार' आहे ना! कोण जाणार त्या पाटीखालून आत? म्हणून मग पाटीवर 'न्यूरोसायकिअ‍ॅट्रिस्ट' येतं. न्यूरो म्हटलं की जरा मेंदूचं, इज्जतदार वाटतं. (न्यूरोलॉजिस्ट हा आणखी वेगळा. तो फिट, पॅरालिसिस, मायग्रेनवाला. आमच्या आईला मी न्यूरोलॉजिस्टकडे गेलेली चाललं असतं!)

त्यात 'डॉ.' या एका अक्षराची गंमत. एमबीबीएसनंतर सायकिअ‍ॅट्रीत एमडी केलेले डॉ., सायकॉलॉजीत पीएच.डी. केलेलेही डॉ. आणि होमिओपॅथी करून जोडीला काउन्सेलिंगचा कोर्स केलेलेही डॉ. पाटी वाचून काय कळणार, कपाळ?

आणि भीती तर आपल्या गावांच्या नावातच आहे. पुण्यात चेष्टेत म्हणतात, 'याला येरवड्याला पाठवा.' मुंबईकर 'ठाण्याला' म्हणतात. विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं जिथे आहेत, ती चारही गावं आपापल्या भागात शिवीसारखी वापरली जातात. हे ऐकत मोठं झालेलं पोरगं 'डोक्याच्या डॉक्टर'कडे जाण्याऐवजी आधी दुसरं काहीतरी शोधणारच. काहीतरी गोड, काहीतरी सॉफ्ट.

मीही तेच शोधलं.

झाडं, मग आणि फेअरी लाइट्स

पावसाळा होता. तीन ठिकाणी लेख, एका बाणेरच्या कंपनीचं कंटेंट रायटिंग आणि पेमेंट कुणाचंच नाही. आधी वाटलं, टेन्शन आहे, होईल. मग पहाटे तीनला टक्क जाग यायला लागली. रोज. आठशे शब्दांचा लेख, जो मी एरवी एका बैठकीत पाडते, त्याला चार-चार दिवस लागायला लागले. एकच वाक्य पाच वेळा वाचायचं आणि डोक्यात शिरायचं नाही. कुर्ते ढगळ व्हायला लागले तर रूममेट म्हणाली, 'काय डाएट करतेस सांग ना!' आणि एक दिवस नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या मी रडायला लागले. कारण काहीच नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायचा सोडून विचारलं, 'ताई, लागलंय का काही?'

आईला फोनवर थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, 'अगं, सांगलीला ये चार दिवस. नीट खात नाहीस तू. सगळं होईल बरोबर.'

मग इन्स्टाग्रामवर एक 'थेरपिस्ट' सापडली. तिची रील्स मस्त. खोलीत हिरवी झाडं, मातीचे मग, फेअरी लाइट्स. एका सेशनचे १५०० रुपये. बाई स्वभावाने खरंच प्रेमळ होती, तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मी बोलायचे, ती मान डोलवायची. रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या. आरशासमोर उभं राहून 'मी पुरेशी आहे' म्हणायचं. लहानपणीच्या मला पत्र लिहायचं. मी आज्ञाधारकपणे सगळं केलं. मी मेरिटमधली मुलगी, गृहपाठ कधी चुकवला नाही!

सोळा सेशन्स. २४,००० रुपये. चार महिन्यांनंतर माझं वजन सात किलोंनी उतरलं होतं आणि मी सलग दोन दिवस अंथरुणातून उठले नव्हते. तिला फोन केला तर म्हणाली, 'तू प्रोसेसला रेझिस्ट करते आहेस.'

म्हणजे हेही माझंच चुकलं होतं.

खूप नंतर मी तिचं सर्टिफिकेट नीट वाचलं. सहा वीकेंडचा ऑनलाइन कोर्स. तिने ते लपवलं नव्हतं, प्रोफाइलवर होतं. मीच वाचलं नव्हतं. रिपोर्टर म्हणे!

नववा प्रश्न

मला सायकिअ‍ॅट्रिस्टकडे नेलं ते रूममेटने, जवळजवळ ओढत. सदाशिव पेठेतलं, जिना चढून वर असलेलं क्लिनिक. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर असेल. बाहेरच्या बाकांवर एक आजी-आजोबा, एक बँकेचं आयकार्ड गळ्यात असलेला माणूस, एक कॉलेजची मुलगी. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. दाताच्या दवाखान्यात असतं तसंच.

डॉक्टर पन्नाशीचे. लहानपणाबद्दल एक शब्द विचारला नाही. झोप किती? जाग कधी येते? भूक? वजन? पाळी? घरात कुणाला थायरॉइड? कुणाला असा त्रास? आधी कधी झालं होतं? मग एक विचित्र प्रश्न : 'कधी याच्या उलट झालंय का? झोपच नको, अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट खरेदी, असे दिवस?' मला वाटलं, गप्पा मारताहेत. तो प्रश्न किती महत्त्वाचा ते पुढे कळलं. बायपोलर आजारातही माणूस आधी असाच खचलेला दिसू शकतो आणि अशा माणसाला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर गाडी दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. म्हणून ते आधी विचारायचं असतं.

नंतर नऊ प्रश्नांचा एक कागद. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती दिवस वाटलं, याला ० ते ३ मार्क. आठ प्रश्न मी भराभर भरले. नववा त्यांनी कागद बाजूला ठेवून तोंडी विचारला. 'आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार येतात का?'

अगदी साध्या आवाजात. रक्तदाब आहे का विचारावं तसं.

मी म्हणाले, 'काही करावं असं नाही. पण रात्री झोपताना वाटतं, उद्या सकाळ झालीच नाही तर बरं.'

चार महिने, सोळा सेशन्स आणि हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. खूप जणांना वाटतं, असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. माझं तर खांद्यावरचं ओझं कुणीतरी धरल्यासारखं झालं. डॉक्टर दचकले नाहीत. आणखी चार-पाच प्रश्न विचारले, माझी परवानगी घेऊन रूममेटला आत बोलावलं आणि पुढचे काही दिवस हिला एकटीला ठेवू नका, असं तिला सांगितलं.

माझा स्कोअर २७ पैकी १७. डिप्रेशन. 'मूड ऑफ'वालं नाही, आजारवालं.

मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. कारण थायरॉइड कमी असला किंवा बी-ट्वेल्व्ह घटलं तरी माणूस असाच गळून जाऊ शकतो आणि ते बोलून कळत नाही. ही सायकिअ‍ॅट्रिस्टची खरी ओळख. तो आधी डॉक्टर असतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, वर तीन वर्षांचं एमडी. (काहींचा दोन वर्षांचा डीपीएम असतो, काहींचं डीएनबी.) शरीर आणि मन दोन्हींचा हिशेब तो एका कागदावर मांडू शकतो. आणि डिप्रेशनच्या गोळ्या तो लिहून देऊ शकतो. सायकॉलॉजिस्ट नाही, काउन्सेलर तर नाहीच.

माझं बी-ट्वेल्व्ह जाम कमी निघालं. आईला केवढा आनंद! 'बघ, मी म्हटलं होतं ना, खात नाहीस नीट!' सगळ्या नातेवाइकांना फोन गेले : बी-ट्वेल्व्ह आहे तिला. डिप्रेशन हा शब्द सांगली जिल्ह्यात अजूनही पोचलेला नाही.

पण इंजेक्शनांबरोबर रोजची एक गोळीही होती. मी विचारलं, 'सवय लागेल?' हा प्रश्न बहुधा त्यांना दिवसातून वीसदा ऐकावा लागत असेल. त्यांनी सांगितलं ते असं. डिप्रेशनची गोळी परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेते. सुरुवातीला मळमळेल, ते बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत जातं. हिचं व्यसन लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. सवय लागण्याची भीती असते ती झोपेच्या आणि घाबरं घालवणाऱ्या काही गोळ्यांची. त्या घेतल्या तर थोडे दिवस आणि डॉक्टरच्या नजरेखाली.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी सकाळी साडेसहाला उठले आणि पोहे करावेसे वाटले. बस्स, एवढंच. रूममेट पोह्यांचा फोटो काढत बसली.

'ते मी नाही'

दुसऱ्या व्हिजिटला मी डॉक्टरांना घरचं, करिअरचं, बाबांचं असं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, 'हे महत्त्वाचं आहे. पण बाहेर वीस जण बसलेत. तुमच्याशी दर आठवड्याला पाऊण तास बोलणारं माणूस हवं. ते मी नाही.' आणि एका चिठ्ठीवर एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं.

मला तेव्हा थोडं लागलं. आज वाटतं, त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती.

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ या पाटीवर आहे. सायकॉलॉजीत एम.ए. झालेल्या कुणालाही सायकॉलॉजिस्ट म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. 'क्लिनिकल' सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षं एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा एम.फिल. हाच मुख्य रस्ता होता, हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत करायचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची नावं बदलताहेत, पण नोंदणीची अट तीच. चाचण्याही हेच लोक घेतात. बुद्ध्यांक, व्यक्तिमत्त्व, मुलांमधल्या शिकण्याच्या अडचणी आणि सध्या रील्स बघून प्रत्येकाला आपल्याला आहे असं वाटणारं एडीएचडी! तुम्हालाही तसं वाटत असेल तर ऑनलाइन क्विझ सोडा, इथे जाऊन नीट तपासून घ्या.

आणि 'थेरपिस्ट'? ही डिग्री नाहीच. ते कामाचं नाव आहे. सायकिअ‍ॅट्रिस्ट थेरपी करू शकतो, सायकॉलॉजिस्ट करतो, नीट शिकलेला काउन्सेलरही करतो. त्यामुळे 'मी थेरपिस्ट आहे' असं कुणी म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारायचाच : काय शिकलात, कुठे, किती वर्षं?

माझ्या बाईंच्या खोलीत फेअरी लाइट्स नव्हते. एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात कुरकुरणारा पंखा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आपण सीबीटी करणार, साधारण पंधरा सेशन्स, मग बघू. म्हणजे याला शेवट होता! इथेही गृहपाठ, पण वेगळा. उदाहरण देते. एका संपादकांना मी लेख पाठवला, सहा दिवस उत्तर नाही. माझ्या डोक्यात लगेच : लेख भिकार आहे, मी भिकार आहे, आता काम मिळणार नाही. बाईंनी कागदावर रकाने पाडले. काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं, त्याला पुरावा काय, दुसरं कारण असू शकतं का. मी रकाने भरले, धीर करून संपादकांच्या ऑफिसात फोन लावला. ते गणपतीला गावी गेले होते.

एवढं सोपं नसतं, मान्य. पण आठवड्यामागून आठवडे ते रकाने भरताना आपलं डोकं कुठल्या खड्ड्यात ठरावीक वेळी पडतं ते दिसायला लागतं. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. तिची थोरली बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, जी मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती पुस्तकांतून मराठी वाचकांपर्यंत पोचवली. माझ्या बाबांच्या कपाटात त्यांचं पुस्तक सापडलं, चक्क पेन्सिलच्या खुणांसकट. बाबांनी ते कधी आणि का वाचलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

उलटं दार

आता हे वाचून थेट गोळीकडे धावू नका. माझ्या एका मित्राने तेच केलं. हिंजवडीत आयटीत आहे. ब्रेकअप झालं आणि त्याच महिन्यात हातातली ऑनसाइटची संधी गेली. पोरगा सैरभैर. तो सरळ एका सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेला. सात मिनिटांत घाबरं घालवणारी गोळी घेऊन बाहेर. झोप लागायला लागली, खूश झाला. पुन्हा दाखवायला गेलाच नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून तीच गोळी सहा महिने घेत राहिला. ती घेतली नाही की हात थरथरायचे. ती सोडवायला मग दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, ते वेगळंच.

त्याला आजार नव्हता. त्याचं दुःख होतं, खरंखुरं, आणि ते कुणाशी तरी नीट बोलायला हवं होतं. शेवटी ऑफिसच्या असिस्टन्स प्रोग्रॅममधून त्याला एक काउन्सेलर मिळाली, एमएसडब्ल्यू झालेली, कामात मुरलेली. सहा सेशन्स, कंपनीच्या खर्चाने. तेवढ्यात गाडी रुळावर आली. म्हणजे मला जिथे चार महिने वाया गेले, त्याच दारात त्याचं काम झालं.

म्हणून काउन्सेलरवर फुली मारू नका. ब्रेकअप, लग्नाचा निर्णय, बॉसची किटकिट, घरात कुणी गेल्याचं दुःख, नवरा-बायकोची रोजची वादावादी, यासाठी शिकलेला समुपदेशक अगदी योग्य. फक्त त्याला आपली हद्द माहीत हवी. माझ्या मित्राच्या काउन्सेलरने पहिल्याच दिवशी त्याला तो नववा प्रश्न विचारला होता!

आणि त्या सात मिनिटांबद्दल एक. मलाही राग आला होता. पण २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात देशात एक लाख लोकांमागे पाऊणच्या आसपास सायकिअ‍ॅट्रिस्ट आहेत असं म्हटलंय. एक पूर्णही नाही! बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. बाहेर वीस जण बसलेले असतात ते उगाच नाही. तरीही, नव्या पेशंटला सात मिनिटं कमीच. असा अनुभव आला तर डॉक्टर बदला, आपण टेलर बदलतोच की.

या सगळ्यात एक माणूस कायम विसरला जातो, तो म्हणजे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर. आमच्या नात्यात एकाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याची आई त्याच्या गोळ्या गुपचूप वरणात कुस्करून घालायची. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर ताईंनी घरी येऊन, चहा घेत, दोन तास बसून तिला समजावलं, की त्याला एकदा कळलं तर तो वरणही खायचा बंद होईल आणि तुझ्यावरचा विश्वासही जाईल. मग त्यालाही समोर बसवून बोलल्या. आता तो स्वतः डबीतून गोळी काढून घेतो. डॉक्टरांना घरातलं वरण दिसत नाही.

चौकट : आत जाण्याआधी

सायकिअ‍ॅट्रिस्टच्या चिठ्ठीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय क्रमांक विचारा आणि त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा. विचारल्यावर कुणी चिडलं तर उत्तर मिळालंच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सायकिअ‍ॅट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिक नर्स आणि सोशल वर्कर यांना व्यावसायिक म्हणून ओळखतो. आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शाखांत याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही. काउन्सेलर त्या यादीत नाही. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका केंद्रीय कायद्यात समुपदेशकांचा समावेश झाला. 'लाइफ कोच' मात्र या दोन्हींत कुठेच नाही, त्यामुळे उद्या मीही माझ्या दारावर तशी पाटी लावू शकते. लावणार नाही, घाबरू नका.

ऑफिसात कळेल ही भीती सगळ्यांना असते. तुमची माहिती गुप्त राहणं हा याच २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि विमा कंपनीला मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विम्याची सोय ठेवावी लागते. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, म्हणून दर आठवड्याच्या थेरपीचे पैसे खिशातूनच जातात. माझेही जातात. परवडत नसेल तर सरकारी हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजांची सायकिअ‍ॅट्री ओपीडी गाठा. रांग असते, पण तज्ज्ञ खरे असतात. आणि काहीच सुचत नसेल, रात्र अंगावर येत असेल, तर १४४१६. टेली-मानस. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

पुन्हा साडेअकरा

मग मेसेज आला की मी काय करते? आधी लगेच नावं आणि नंबर पाठवायचे. आता फोन करते आणि दोनच गोष्टी विचारते. झोप आणि भूक कशी आहे? आणि ऑफिसचं, घरचं रोजचं काम जमतंय का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस यांचा बोऱ्या वाजला असेल किंवा नको ते विचार येत असतील, तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. खाणं-झोपणं ठीक आहे, काम चाललंय, पण एकच गोष्ट मनात घोळतेय, तर सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर. हा काही डॉक्टरी नियम नाही, माझा कामचलाऊ हिशेब आहे. पहिला अंदाज चुकला तरी चालतं, चांगला माणूस योग्य ठिकाणी पाठवतोच. माझ्या डॉक्टरांनी पाठवलं तसं.

मागच्या आठवड्यातल्या 'फ्रेंडसाठी'वाल्यालाही फोन केला.

'झोप?' मी विचारलं.

'कुणाची? फ्रेंडची?'

'हो, फ्रेंडचीच.'

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'तीन तास. ऑगस्टपासून.'

मी त्यालाही तो नववा प्रश्न विचारला. माझा आवाज डॉक्टरांसारखा साधा नव्हता, थोडा कापलाच. तो म्हणाला, तसं काही नाही. आणि थोड्या वेळाने, 'म्हणजे... फार नाही.' आम्ही पहाटे दोनपर्यंत फोनवर होतो. त्याचा भाऊ त्याच फ्लॅटमध्ये राहतो. मी म्हटलं, त्याला आत्ता उठव आणि सांग, मी लाइनवर आहे. त्याने उठवलं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळाली. सदाशिव पेठ, तोच जिना. भाऊ बरोबर होता, मीही बाहेरच्या बाकावर बसले होते. घरी त्याने सांगितलं होतं, डोळे तपासायला चाललोय. पाऊण तासाने बाहेर आला, हातात चिठ्ठी.

'काय म्हणाले?'

'थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह करायला सांगितलंय,' तो म्हणाला. 'अजून बरंच काही. आधी चहा पाज.'